निद्रिस्त म्हणायचं नाही

एखाद्याने दगडाचं नाव चुकीचं सांगितलं, की दामले मॅडम तो दगड उचलून कचऱ्यात टाकायच्या. तोही कुठल्याही डब्यात नाही, बरोबर 'मोएनाई गोमी'च्या, म्हणजे न जळणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात. जपानमधले कचऱ्याचे नियम त्या सोवळ्यासारखे पाळायच्या. "जळत नाही, कुजत नाही आणि तुम्हाला कळत नाही," असं मराठीत पुटपुटून झाकण लावायच्या. लॅबमधल्या जपानी पोरांना वाटायचं, हा भारतातला काही मंत्र असावा. एका मुलाने अख्खा उन्हाळा डोंगरावर घालवून आणलेले दगड असेच एका दुपारी डब्यात गेले. तो पुढे विमा कंपनीत लागला. नव्या वर्षाचं त्याचं कार्ड मला अजून येतं. त्यात मॅडमविषयी एक अक्षर नसतं.

मी पुण्याहून भूशास्त्रात एम.एस्सी. करून सेंदाईला त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला आले. स्टेशनवर घ्यायला त्या स्वतः आल्या होत्या. कापलेले पांढरे केस, पुरुषी जाकीट, उंची माझ्या खांद्याइतकी. मी वाकून नमस्कार करायला गेले, तर म्हणाल्या, "उठ, उठ, लोकांची गाडी चुकेल. मेतकूट आणलंस?" मी हो म्हटलं. "दे." तिथेच, स्टेशनच्या मधोमध, मी बॅग उघडून आईने दिलेला डबा काढला. तो त्यांनी आपल्या पिशवीत टाकला, तो मला परत दिसला नाही. मग म्हणाल्या, "आता ऐक, वैदेही. लॅबमध्ये मराठी बोलायचं नाही. लोकांना वाटेल, आपण त्यांची निंदा करतोय, आणि ते खरंच असेल. डोंगरावर मात्र मराठीच बोलायचं. तिथे जिवाशी गाठ असते. परक्या भाषेत 'पळ' म्हणायला वेळ लागतो."

बाई मूळच्या नगरच्या. तरुणपणी शिकायला म्हणून जपानला आल्या आणि तिथेच राहिल्या. लग्न का केलं नाही, असं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "कुणाचं वाटोळं करायचं होतं?" जपानी लोकांच्या जिभेला 'दामले' जमायचं नाही, म्हणून त्या सगळ्यांच्या 'दामुरे-सेन्सेई' होत्या. सेन्सेई म्हणजे गुरुजी. मला त्या आवडत नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकते. मेल्यावर माणसाचं सगळं गोड लिहायचं, ही पद्धत त्यांना स्वतःलाच मान्य नव्हती.

आमचा डोंगर सेंदाईपासून गाडीने अर्ध्या दिवसावर. त्याचं नकाशावरचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या भागात अजून माणसं राहतात. गावातले लोक त्याला 'मान्जू' म्हणायचे. मान्जू हा तिथला वाफवलेला गोड पदार्थ. गोल, फुगीर, आत सारण. आपल्या मोदकाचा नाक नसलेला भाऊच म्हणा ना. डोंगर लांबून तसाच गुबगुबीत दिसतो. जवळ गेलं की कळतं, हा नुसता धोंड्यांचा ढीग आहे. घराएवढाले कोनदार दगड एकमेकांवर कसेबसे टेकलेले, मधल्या फटींतून वाफ निघतेय, आणि वाफेला सडक्या अंड्यांचा वास.

मी दख्खनच्या पठारावर वाढले. आमच्याकडचा लाव्हा भेगांतून निघाला आणि मैलोन्मैल पसरला, थरावर थर बसले, वर टेबलासारखं सपाट. असा एका जागी उभा राहिलेला लाव्हा मी पुस्तकाबाहेर कधी पाहिला नव्हता. मॅडमनी पहिल्याच दिवशी मला एका धोंड्यावर बसवलं. "आपल्याकडचं ते पिठलं," त्या म्हणाल्या. "पातळ. ओतलं की ताटभर पळतं, आणि आतली वाफ बुडबुडे काढत बिनबोभाट निघून जाते. हा झुणका आहे. घट्ट. जमिनीतून वर आला, पण पसरायची धमक नाही. ज्या भोकातून आला त्यावरच ढीग करून बसला. बूच झालं. आता आतली वाफ कुठून जाणार?"

"फटींतून," मी म्हटलं.

"आणि फटी बुजल्या तर?" मी वाफेच्या फटीकडे बघायला लागले. "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? फटी बुजल्या तर झुणका कढईसकट तोंडावर येणार. एक बाजू फुगते, फाटते, आणि तापलेले दगड, राख, वाफ सगळं मिळून दरीतून खाली धावतं. गाडीत बसून किल्ली फिरवायलासुद्धा वेळ मिळत नाही."

मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "पण मॅडम, हा तर निद्रिस्त आहे ना?"

शाळेत आपण सगळेच शिकलोय. ज्वालामुखीचे तीन प्रकार : जागृत, निद्रिस्त आणि मृत. मी तर तालासुरात पाठ केलं होतं. मॅडमनी हातातली हातोडी खाली ठेवली. "कोण झोपलंय? शेवटचा फुटला तो कुणाच्या पणज्यालाही आठवत नाही, म्हणून हा झोपला? आठवण तुमची आखूड, आणि झोपला तो? झोपलेल्याला उठायची वेळ असते, याला नाही. इथल्या शास्त्रज्ञांनी तो शब्द कधीच टाकून दिला. तूही टाक. गणित चुकलं तर नुसता पेपर परत येतो, वैदेही. शब्द चुकला तर माणूस मरतो." हे शेवटचं वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की मला त्याचा वीट आला.

शब्दावरून माणसाचा पाणउतारा करायला त्यांना डोंगरच लागायचा असं नाही. एकदा गणपतीत आम्ही तोक्योला गेलो होतो. ओजिमाच्या एका हॉलमध्ये आपल्या मंडळींचा कार्यक्रम होता. सगळी पुण्या-मुंबईची आयटीतली जोडपी, पोरं आपसांत जपानीत बोलताहेत, आया मराठीत ओरडताहेत. तोयोसुला कामाला असणारे एक गृहस्थ मॅडमना म्हणाले, "मॅडम, फुजी तर डॉर्मंटच आहे ना? घर घ्यायचा विचार चाललाय." मॅडम म्हणाल्या, "तुमचा सर्व्हर महिनाभर बंद पडला नाही, तर पुढे कधीच पडणार नाही असं लिहून देता का क्लायंटला?" गृहस्थ हसले, पण घशातल्या घशात. तेवढ्यात त्यांच्या बायकोने मोठ्या हौसेने मोदकांचं ताट आणलं. बिचारीने पहाटे उठून उकड काढली होती. त्यातला एक मोदक बाजूने फुटला होता. मॅडमनी नेमका तोच उचलला आणि जमलेल्या पोरांना बोलावलं. "हे बघा. पारी जाड, आतून वाफ, बाहेर पडायला जागा नाही. मग कुठून फुटला? वरून नाही, बाजूने. डोंगर असाच फुटतो." पोरं खूश झाली. ती बाई मात्र ताट तसंच ठेवून आत गेली आणि आरतीलाच काय ती बाहेर आली. परतीच्या शिनकान्सेन गाडीत मी म्हटलं, "मॅडम, अहो, तिला किती वाईट वाटलं असेल." त्या म्हणाल्या, "मोदक चांगला होता. मी खाल्ला की."

आता मूळ गोष्टीकडे येते.

मान्जूच्या पायथ्याशी, अगदी दरीच्या तोंडाशी, गरम पाण्याच्या झऱ्यावर एक जुनं लाकडी ओन्सेन हॉटेल होतं. पाच-सहा खोल्या, मागे दगडी कुंड. तिथली मालकीण एक विधवा म्हातारी होती. अशा हॉटेलच्या मालकिणीला 'ओकामी' म्हणतात, म्हणून आम्हीही तिला ओकामी-सानच म्हणायचो. ती या घरात सून म्हणून आली आणि सासू गेल्यावर मालकीण झाली. मुलगा तोक्योला, तो येत नसे. माझं नाव तिला जमेना. 'वै'चं तिने 'बाई' केलं, आणि पुढे लाडाचं 'चान' लावून मी तिची 'बाई-चान' झाले. मॅडमना याची फार गंमत वाटायची. "बघ, मराठी न शिकताच तुला बाई केलं हिने," म्हणायच्या.

मॅडम या हॉटेलात मी जन्माला यायच्या आधीपासून उतरत होत्या. ओकामी-सान त्यांच्यासाठी मांस न घातलेला रस्सा करायची, भात जरा मोकळा शिजवायची. मॅडम रोज नाव ठेवायच्या. "मीठ जास्त झालं." "दामुरे-सेन्सेई, वय झालं तुमचं, जीभ बिघडली," ती उलटून म्हणायची. त्यांना दुसरं कुणी असं बोललेलं मी ऐकलं नाही. संध्याकाळी दोघी कुंडावर जायच्या, लाकडी पाटावर बसून एकमेकींची पाठ घासून द्यायच्या. तिकडे हे फार जवळच्या माणसालाच करतात. रोज स्वयंपाकघराच्या दाराशी एक तानुकी यायचा, कोल्ह्यासारखा पण जरा ढोल्या, डोळ्यांभोवती काळं असलेला रानटी प्राणी. ओकामी-सान त्याला पोन-ता म्हणायची आणि उरलेला भात घालायची. मॅडम म्हणायच्या, "रानातल्या जनावराला भात घालून मारशील एक दिवस." पण स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा त्या बाजूला काढून ठेवत. मासा त्या खात नव्हत्याच म्हणा.

माझ्या तिसऱ्या वर्षी डोंगर बदलायला लागला. झऱ्याचं पाणी चटके बसण्याइतकं तापलं. ओकामी-सान त्यात गार पाणी सोडायला लागली. दरीच्या बाजूची मान्जूची कूस फुगत होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, आमच्या यंत्रांना दिसत होतं. थंडीत तिथल्या एका पट्ट्यावर बर्फ टिकेना. हॉटेलमागच्या खोलगट जागेत वास वाढला. गाव कचेरीने सभा ठेवली. धोक्याचा नवा नकाशा करायचा होता आणि हॉटेल बंद करायच्या लाल भागात घालायचं की सावधगिरीच्या पिवळ्या भागात, एवढंच ठरायचं होतं. कचेरीतले साहेब भले होते. त्यांच्या आजोबांचं लग्न त्या हॉटेलात झालं होतं. त्यांनी आडून आडून सांगितलं, की दामुरे-सेन्सेईंनी अहवालात डोंगराला 'क्यूकाझान' म्हटलं, तर हॉटेल पिवळ्यात बसवता येईल. क्यूकाझान म्हणजे विश्रांती घेणारा डोंगर. म्हणजे आपला निद्रिस्तच.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी ओकामी-सानने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती मुळा सोलत होती. "बाई-चान, आम्हाला शाळेत शिकवलं होतं," ती म्हणाली, आणि तिने लहान मुलीसारखं म्हणून दाखवलं : जिवंत डोंगर, विश्रांतीचा डोंगर, मेलेला डोंगर. मी म्हटलं, "मलाही हेच शिकवलं. याच क्रमाने." आम्ही दोघी खूप हसलो. मग ती हसायची थांबली. "तुम्ही दोघी वर गेलात की तुमच्या भाषेत बोलता. तुमच्या भाषेत सांग तिला. आमच्या भाषेत ती ऐकत नाही. मला जास्त काही नको, तो एक शब्द दे म्हणावं. मला इथून बाहेर राहताच येत नाही गं. मी कधी राहिलेच नाही."

मी वर गेल्यावर सांगितलं. मोठ्या मिनतवारीने सांगितलं. मॅडम फुगलेल्या कुशीवरच्या एका भेगेत थर्मामीटर घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "मॅडम, एकच शब्द आहे. तिचं वय काय राहिलंय आता? तिला तिथेच मरायचंय."

"मरू दे की. पण ती एकटी मरणार नाही, पाहुणे घेऊन मरेल."

"तुमची पाठ घासून देते हो ती."

"म्हणून?" आता त्यांनी वर पाहिलं. "म्हणून डोंगर थांबणार आहे? दया तू खुशाल कर, वैदेही. अहवालावर सही तुझी नाहीये." आणि आकडा वाचून मला म्हणाल्या, "लिही." मला इतका राग आला, की आकडा लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

उतरताना आम्ही हॉटेलमागच्या खोलगट जागेपाशी आलो. वारा अजिबात नव्हता. मॅडमच्या जाकिटाला लावलेलं वायू मोजायचं यंत्र एकदम किंचाळायला लागलं. मी खाली वाकून काहीतरी बघत होते. त्या ओरडल्या, "पळ! वर पळ!" मराठीत. आणि मी पळाले, विचार न करता. परक्या भाषेत खरंच एक क्षण गेला असता. वर चढावर पोचून धापा टाकत मी मागे पाहिलं. खाली पोन-ता पडला होता. जड वायू असा खड्ड्यात साठतो. कुत्र्या-मांजरांच्या उंचीवर मरण असतं, आणि माणूस वाकला की माणसाच्याही. अंगावर ओरखडा नाही, नाक शेपटीत खुपसलेलं.

"झोपल्यासारखाच दिसतोय हो," माझ्या तोंडून गेलं.

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जीभ चावली. वारा सुटेपर्यंत त्या थांबल्या, मग लांब काठीच्या आकड्याने त्यांनी त्याला ओढून वर काढलं. अंगावरची माती झटकली. वर्तमानपत्रात गुंडाळलं. मला वाटलं, पुरणार असतील.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. गाव कचेरीचा हॉल, चटया, मधे बुटकं टेबल, गावातली वीस-पंचवीस माणसं. ओकामी-सान चांगला किमोनो घालून पहिल्या रांगेत बसली होती. साहेबांनी फार सभ्यपणे प्रस्तावना केली आणि शेवटी म्हणाले, "सेन्सेई, मग आपण क्यूकाझान असं लिहू या का?"

मॅडमनी पिशवी उघडली आणि वर्तमानपत्राचं ते गाठोडं टेबलावर ठेवलं, चहाच्या कपांच्या मधे. सावकाश उलगडलं. कुणीतरी बाई "हाय" करून मागे सरकली. ओकामी-सान हलली नाही. तिने ओळखलं होतं.

"हाही विश्रांती घेतोय," मॅडम म्हणाल्या. "उठवा याला. तुम्ही हाक मारा, ओकामी-सान, तुमच्या हाकेला येतो ना? हा उठला, तर मी क्यूकाझान लिहीन."

माझ्या आयुष्यात मी इतकं क्रूर काही ऐकलेलं नाही. आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट. साहेबांनी मान खाली घातली. ओकामी-सान टेबलापर्यंत गुडघ्यांवर सरकत आली. तिने हाक मारली नाही. वर्तमानपत्राची टोकं पुन्हा नीट दुमडली, गाठोडं ओच्यात घेतलं आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करून निघून गेली. मॅडमसमोरही ती तेवढीच वाकली. पाऊस यायच्या आत, जूनमध्ये, हॉटेलला फळ्या ठोकल्या.

आणि मग काय झालं? सगळे मला हेच विचारतात. काही झालं नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. झऱ्याचं पाणी निवलं. डोंगराची कूस बसली. ज्या पट्ट्यावर बर्फ टिकत नव्हतं, तिथे टिकायला लागलं. फळ्या मारलेलं हॉटेल बर्फाच्या ओझ्याने एका बाजूने खचलं. डोंगराने त्याला हातही लावला नाही. ओकामी-सानला सेंदाईत सरकारी वसाहतीत चौथ्या मजल्यावर घर मिळालं. मी जायची अधूनमधून. न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या टबाकडे बोट दाखवून ती म्हणायची, "बाई-चान, यात मी पाय सोडून बसले की गुडघे बाहेर राहतात." मॅडमचं नाव ती घेत नसे.

मी एकदा मॅडमना तोंडावर बोलले. तेव्हा माझी डिग्री झाली होती, आणि भीड थोडी चेपली होती. "काहीच झालं नाही, मॅडम. बिचारीचं घर तेवढं गेलं."

"तुला काय हवं होतं? माझं खरं ठरावं म्हणून दहा-वीस माणसं भाजायला हवी होती?"

"तसं नाही, पण तिला एकदा भेटून तरी या."

"कशाला? चुकले म्हणायला? मी चुकले नाही. तुझं घर घेतलं म्हणायला? ते तिला ठाऊक आहे." आणि समोरच्या पोराच्या हातातला दगड घेऊन न जळणाऱ्या कचऱ्यात टाकला. दगडाचं नाव त्याने बरोबर सांगितलं होतं. एवढं मात्र मी पाहिलं, की त्या सभेनंतर बाई कुठल्याही ओन्सेनच्या पाण्यात उतरल्या नाहीत. कुठेही उतरलो की खोलीतल्या नळाखाली आंघोळ उरकायच्या.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. जपानी डॉक्टर वाईट बातमी फार मऊ कापसात गुंडाळून देतात. तो तरुण डॉक्टर म्हणाला, "थोडं कठीण आहे." मॅडम म्हणाल्या, "थोडं म्हणजे किती? उन्हाळा दिसेल की नाही?" तो म्हणाला, "बहुधा..." "बहुधा हे उत्तर नव्हे. तुम्हाला पास कुणी केलं?" त्याचे डोळे भरून आले. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही.

तिथे त्यांचं माणूस असं मीच होते. मी रजा काढून बसले. शेवटी शेवटी दुखणं असह्य झालं. साध्या औषधांना ते दाद देईना. डॉक्टरने मला बाहेर नेऊन सांगितलं, की आता औषध देऊन त्यांना झोपवता येईल, म्हणजे कळणार नाही. मी आत येऊन विचारलं. मला वाटलं होतं, हो म्हणतील. माझीच सहनशक्ती संपली होती, खरं सांगायचं तर.

"झोपवायचं नाही," त्या म्हणाल्या. घामाने उशी भिजली होती. "मला कळू दे."

"मॅडम, कशासाठी हो? कुणाला काय दाखवायचंय?"

"कुणाला नाही." मग म्हणाल्या, "तो शब्द तिला दिला नाही, आणि आता स्वतः घेऊ?" त्यानंतर त्या ज्या ओरडल्या, ते मराठीत. आई गं, आई गं. नर्सना कळत नव्हतं, मला कळत होतं. दोन दिवस तसं चाललं. डोळे उघडे, टक्क. गेल्या तेव्हाही उघडेच होते, मला हाताने मिटावे लागले, आणि पहिल्यांदा मिटले नाहीत.

नगरला त्यांच्या थोरल्या बहिणीला मी फोन केला. त्या रडल्या. मग म्हणाल्या, "शांतपणे गेली ना गं? झोपेतच ना?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "पुण्यवान हो. सगळ्यांना असं मरण येत नाही." मी फोन ठेवला.

अंत्यविधीला फार माणसं नव्हती. विद्यापीठातले काही, कचेरीतले ते साहेब, तो विमा कंपनीतला मुलगा, आणि ओजिमाहून, कमाल म्हणजे, ती मोदकवाली बाई नवऱ्याला घेऊन आली होती. सगळे एकेक करून मला तेच विचारत होते. तिकडे तशी पद्धतच आहे. 'नेमुरु यो-नि', म्हणजे झोपल्यासारख्या गेल्या ना? या प्रश्नाला हो म्हणायचं असतं. मी मान हलवत होते. ती हो म्हणायची मान होती की नुसती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सगळ्यांत शेवटी ओकामी-सान आली. मी तिला कळवलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. काळा किमोनो, हातात जपमाळ, दुसऱ्या हातात कापडी गाठोडं. पाठीला बाक आला होता. मॅडमच्या फोटोसमोर ती उभी राहिली. उदबत्ती लावली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई-चान, झोपल्यासारखी गेली का?"

तिने विचारताना माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मान हलवून भागणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "डॉक्टर झोपवत होते. त्यांनी नको म्हटलं. शेवटपर्यंत जाग्या होत्या. फार हाल झाले. ओरडत होत्या."

"फार?"

"फार."

"योकात्ता," ती म्हणाली. बरं झालं. मागे उभे असलेले साहेब दचकले. म्हातारीने शांतपणे गाठोडं सोडलं. आत एक मान्जू होता, अजून कोमट. त्या प्लास्टिकच्या टबाच्या घरात, एकट्या बाईने, एकच वाफवून आणलेला. तिने तो फोटोपुढे ठेवला, मग उदबत्ती लावली आणि सभेत वाकली होती तेवढीच वाकली.

"झोपली म्हणाली असतीस," मला म्हणाली, "तर परत घेऊन जाणार होते."